जाळीवरचा झेंडू

आमच्या खरवईच्या हरिचंद्रदादांच्या गाडीत गारवा होईना. मेकॅनिकने फोनवरच एसीचा गॅस संपल्याचं सांगितलं, तसे दादा भडकले, "न बघताच संपला?"

त्यांनी अंगणातच एसी लावून हवेच्या झरोक्यासमोर हात धरला. हवा गार होती, पण फुंकर मारल्यासारखी येत होती. म्हणजे गॅस होता, वाटेत काहीतरी अडकलं होतं. त्यांनी डॅशबोर्डचा कप्पा उतरवून मागचा फिल्टर ओढला. तो झेंडूच्या वाळक्या पाकळ्यांनी भरला होता.

दर दसऱ्याला गाडी पुजताना त्यांची लेक जिज्ञासा पुढच्या काचेखालच्या जाळीवर पाकळ्या उधळायची. "आत जातील गो!" दादा खेकसायचे. लग्न होऊन ती कॅनडाला गेली, त्यालाही दोन वर्षं झाली.

फिल्टर झटकल्यावर एसी जोरात सुरू झाला.

या दसऱ्याला दादांनी स्वतः झेंडू कुस्करला आणि नेमका त्या जाळीवरच उधळला.