वजनापुरती पोरगी

शेठनं गाडी मधेच बंद केली. माझी पोर आत बसलेली. निळा पुतळा बोलता बोलता गप झाला, दिवे गेले, आन् शेठ म्हनला, "चल, उतर खाली. मावशी, सीट पुसून घ्या."

मावशी म्हंजे मी. वय तीस. त्या दिशी तर मी सुट्टीवर हुते. इस्त्रीची साडी, केसात गजरा. तरीबी मावशीच.

सावेडीतल्या एका गेमझोनमधी मी साफसफाईला हुते. तिथं लहान पोरांना बसायची एक डुलनारी गाडी हुती. पोलिसांची गाडी, आन् स्टेअरिंगपाशी तो व्हिडिओ गेमवाला निळा काटेरी गडी, लाल बुटांचा. मोबाईलवर त्याला सगळी पोरं वळखतात. पन त्याची अशी गाडी नगरात कुनीच बघितली नव्हती. शेठनं परदेशातली जुनी आनलेली. पुतळा परक्या भाषेत काय बडबडायचा, कुनाला ठावं. पोरं मातर खुळी व्हायची.

त्या गाडीला एक खोड हुती. रातभर उभी राहिली की सकाळी अडायची. रिकामी चालवली तर आचके देऊन बंद. आत लहान पोराएवढं वजन ठिवून दहा मिनिटं डुलवली की मंग दिवसभर बिनतक्रार. आधी शेठ पान्याचा जार ठिवायचा. एकदा तो लवंडला. मंग त्याची नजर माझ्या पोरीवर गेली. शाळा दुपारची, म्हनून ती सकाळी माझ्यासंगं यायची.

"हिला बसवा," शेठ म्हनला. "बरोबर मापाची आहे."

मला तवा आनंद झाला. खोटं कशाला बोलू? वाटलं, लेकीला रोज फुकटात चक्कर. शटर अर्धं खाली, दिवे बंद, आवाज बंद, आन् माझी प्रज्ञा त्या मुक्या गाडीत डुलतीय. रोज इचारायची, "आई, ह्यो बोलतो कसा गं?" मी म्हनायचे, वाढदिवसाला ऐकवीन. तिला आवाजासकट गाडी पायजे हुती. बास. एवढंच मागनं.

वाढदिवस रविवारी आला. मी रजा टाकली. टोकन घेतलं, रांगेत उभी राहिले, गिऱ्हाईकासारखी. मागं एक बाई नातवाला घिऊन. लई गोड बोलल्या.

"फ्रॉक छान आहे हं! नाव काय बाळा?"

"प्रज्ञा."

"वा! आणि आडनाव?"

पोरीनं मान ताठ करून सांगितलं. शाळेत सांगती तसं. आमच्याकडं शिकलेली मानसं जात इचारत न्हाईत. आडनाव इचारतात. बाईंनी नातवाचा हात धरून त्याला दोन पावलं मागं घेतलं.

प्रज्ञा गाडीत बसली. दिवे लागले. पुतळा बोलला, आन् माझी पोर अशी खिदळली म्हनता! मी बघतच राहिले. तवर बाई काउंटरला पोचल्या हुत्या.

"आमचा नातू ह्याच सीटवर बसणार का?" आवाजबी चढवला न्हाई. घरातले सगळे वाढदिवस त्या तिथंच करायच्या. शेठनं बटन दाबलं.

पोर खाली उतरली. शेठनं फडकं फेकलं आन् मी झेललं. सवयीनं. हात आधी गेला, डोकं मागनं आलं. तवर मी सीट पुसली हुती. व्हय, मी. रजेवर असताना, लेकीच्या वाढदिवसाला, लेकीच्या मागं.

घरी जाताना रिक्षात तिनं इचारलं, "आई, मी सीटवर काय सांडलं हुतं का?"

रातभर सोताचीच लाज वाटली. शेठचा राग नंतर आला.

सोमवारी एकटीच गेले. गाडीचे आचके चालू हुते.

"मावशी, पोरगी कुठंय? गाडी अडलीय."

"घरी हाय."

"घेऊन या की पटकन. दहा मिनिटांचं काम."

"शेठ, रोज ती उठल्यावर सीट न्हाई पुसायला लागत. काल का लागली?"

"अहो, मनावर काय घेता? गिऱ्हाईक सांभाळावं लागतं. तुम्ही तर आमच्या घरच्यासारख्या."

"मंग तुमच्या घरची पोर बसवा. तीबी ह्याच मापाची हाय."

शेठचं तोंड लालभडक. "जास्त बोलू नका हं. काम करायचं तर करा."

मी न्हाई केलं. बादली तिथंच ठिवली आन् शटरखालनं वाकून भाईर आले.

आता काम न्हाई. जिथं जाते तिथं इचारतात, आधीचं का सोडलं? खरं सांगितलं की म्हनतात, कळवू. गावाकडनं, काष्टीवरनं, भाऊ फोन करतो, "जाऊन माफी माग, डोक्यात राख नको घालूस." माफी? मी कशाची मागू? दुसऱ्याची भांडी घासीन, संडास धुवीन. पोट हाय, काम करावंच लागंल.

प्रज्ञाला मी समदं सांगितलं. सातव्या वर्षी सांगायची गोष्ट न्हाई ती, पन सांगितली. तू काय सांडलं न्हाईस. सीट चांगलीच हुती. पुसली ती माझी चूक.

हितून पुढं माझ्या लेकीमागं मी काय पुसनार न्हाई. ज्याला विटाळ वाटतो त्यानं सोताच्या हातानं पुसावं, तिच्या डोळ्यांत बघून. मी शेजारी उभी असंन.