वाक्कानाई ते मेमानबेत्सु: पन्नास मिनिटं, कागदावर

जपानच्या उत्तर टोकाला जाणार असाल तर अनुभवाने सांगतो: दोन विमानतळांमधलं अंतर सांगणाऱ्या वेबसाइटवर विसंबू नका. वाक्कानाई ते मेमानबेत्सु अडीचशे किलोमीटर, उड्डाण पन्नास मिनिटं, एवढं वाचून मी संसाराचा बेत आखला होता.

माझी बायको मृणाल होक्काइदो बेटाच्या पूर्वेला, मेमानबेत्सु विमानतळाजवळच्या आबाशिरीत समुद्रातल्या बर्फावर संशोधन करते. सहा वर्षांची सई तिच्याकडे असते. मी टोकियोत, हिगाशी-कसाईला. महिन्यातून एकदा भेट. त्याच बेटाच्या उत्तर टोकाला, वाक्कानाईतल्या एका कंपनीने मला बोलावलं तेव्हा वाटलं, एकाच बेटावर राहिलो की दर शनिवारी लेकीकडे जाता येईल. शुक्रवारी तिथे जाऊन मुलाखत दिली, नोकरी मिळाली, सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. शनिवारी दुपारी एक वाजता सईच्या शाळेत क्रीडादिनाची बाप-लेकरांची शर्यत होती. म्हटलं, त्या निमित्ताने रस्ताही बघून होईल.

शनिवारी सकाळी वाक्कानाईच्या विमानतळावर मेमानबेत्सुचं तिकीट मागितलं. काउंटरवरच्या बाईंनी मान तिरकी केली, नकाशा काढला आणि तो बराच वेळ पाहिला.

"थेट विमान नाही हो. आधी चितोसेच्या मोठ्या विमानतळावर उतरून दुसरं घ्यायचं. संध्याकाळी पोहोचाल. फार फार माफ करा," त्या अशा वाकून म्हणाल्या की जणू विमान त्यांनीच रद्द केलं होतं.

ती साइट कुठल्याही दोन विमानतळांमध्ये सरळ रेघ ओढते आणि विमानाच्या वेगाने भागते. विमान आहे की नाही, हे ती बघत नाही. मला हे कळायला हवं होतं. असलाच कोड लिहून मी पोट भरतो.

भाड्याची गाडी घेतली. दुसऱ्या गावी सोडायची तर जास्तीचे पैसे पडतात, पेट्रोलपंप कमी आहेत, टाकी भरूनच निघा. सव्वातीनशे किलोमीटर, डावीकडे सतत ओखोत्स्क समुद्र. लोक तो बघायला मुद्दाम येतात. मी घड्याळ बघत होतो. वाटेत सारुफुत्सु गावात उभ्याउभ्या भाजलेले शिंपले खाल्ले, ते मात्र चुकवू नका.

"कुठवर?" दुकानातल्या आजोबांनी विचारलं.

"आबाशिरी. एक वाजेपर्यंत."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि एक शिंपला जास्त वाढला.

पोहोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. मैदान रिकामं होतं. मृणाल आणि सई पायऱ्यांवर बसल्या होत्या.

"अरे, गाडी हळू चालवलीस ना? मी धावले तिच्याबरोबर. शेवटून दुसऱ्या आलो," मृणाल म्हणाली.

सई जपानीत म्हणाली, "टोकियोहून बाबा लवकर येतो."

तक्रार नव्हती, माहिती होती. टोकियोच्या हानेदा विमानतळावरून मेमानबेत्सुला थेट विमान आहे, पावणेदोन तासांचं. मी तिच्या जवळ यायला निघालो होतो आणि लांब चाललो होतो. मला फार लाज वाटली.

रविवारी त्याच विमानाने घरी आलो. सोमवारी कंपनीला नकार कळवला, कारण लिहिलं: कुटुंबापासून लांब पडेल. सध्या लेकीच्या सगळ्यात जवळ मी हिगाशी-कसाईतच आहे, आणि हे काही जवळ नाही. आबाशिरीत कुणाला प्रोग्रामर हवा असेल तर खाली कळवा. पगाराचं नंतर बघू.