धाकटीची खुर्ची

भुकूमच्या सोसायट्यांचा सुका कचरा आमच्या गावाबाहेरच्या शेडमध्ये येतो. तिथं बचत गटातल्या बायका घेतल्या, तेव्हा मी आणि माझी धाकटी जाऊ एकदमच कामाला लागलो. सरकत्या पट्ट्यावरून कचरा यायचा, आम्ही त्यातून बाटल्या, पुठ्ठे, दुधाच्या पिशव्या वेगळ्या काढायचो. माझा हात भराभर चालायचा, तिचं तोंड. तरी घरी दोघींना सारखंच मानायचे आणि तेवढं मला पुरत होतं.

मग एआयचं मशीन आलं. पट्ट्यावर बसवलेला कॅमेरा वस्तू ओळखायचा आणि मशीनचा हात ती उचलून टाकायचा. सुरुवातीला ते फार चुकायचं. चिप्सचं चकचकीत पाकीट त्याला पत्रा वाटायचं. अशा चुका स्क्रीनवर बघून दुरुस्त करायला एक बाई हवी होती. बारावी झालेली मी एकटीच. आदल्या रात्री मी चांगली साडी काढून ठेवली.

सुपरवायझरनं धाकटीला बसवलं. म्हणाला, "यांचं बोट मोबाइलवर झपझप चालतं."

तिला काचेच्या खोलीत पंख्याखाली खुर्ची मिळाली. संध्याकाळी मी न्हाणीत अंग घासत बसायचे, तोवर ती सासूबाईंजवळ चहा पीत मशीनच्या गोष्टी सांगायची. "आज त्यानं नारळाची शेंडी वळखली," म्हणायची. सासूबाई म्हणाल्या, "पोरगी हुशार हाय." इतक्या वर्षांत तो शब्द माझ्या वाट्याला आला नव्हता.

मशीनचा हात रिकामाच खालीवर झाला, की मी शेजारणीला कोपरानं ढोसायचे. दिवसभरात तेवढंच सुख.

दिवाळीनंतर धाकटीला टायफॉइड झाला आणि खुर्ची माझ्याकडे आली. मी पदर सावरून स्क्रीनसमोर बसले. पण चूक सापडेचना. पाकीट, शेंडी, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, सगळं ते बरोबर ओळखायचं. तिनं शिकवून ठेवलं होतं. चारपाच दिवसांनी सुपरवायझर म्हणाला, "आता इथं कुणी बसायची गरज नाही."

"आणखी थोडं बघू द्या की," मी म्हणाले.

"काय बघणार, ताई? चुकतच नाही ते."

मी परत पट्ट्यावर गेले. त्याचं दुःख होतंच, पण ही बातमी धाकटीला सांगायची मला घाई झाली होती. ती अंथरुणात पेज पीत होती.

"तुझी खुर्ची गेली गं. मशीनला आता कुणी लागत न्हाई."

तिचा चेहरा पडेल म्हणून मी बघत राहिले.

"खरंच चुकत न्हाई?" ती हसली. "मंग बेस झालं. ताई, पट्ट्यावर तुमच्याशेजारी जागा धरून ठेवा. त्या खोलीत एकटीला लई कंटाळा यायचा."

तिची वाटी उचलून मी मोरीत नेऊन ठेवली.

बरी झाल्यावर ती माझ्याशेजारी उभी राहू लागली. तिच्या गप्पांवर सगळ्या बायका हसायच्या, मी खाली मान घालून पुठ्ठे ओढायचे. पुढं बावधनकडच्या शेडमध्ये असंच मशीन बसवलं. त्याला शिकवायला तिलाच बोलावलं.

"तुमी बी चला, ताई. मी साहेबांना इचारते," ती म्हणाली.

"मला कुटं येळ हाय?"

तिकडं कसं चाललंय, हे मी तिला अजून एकदाही विचारलेलं नाही. ती मात्र रोज सांगते.