मावशींचं जंबो

आमच्या मावससासूबाईंना ‘नाही’ म्हणणारं माणूस अजून जन्माला यायचं आहे. आणि जन्माला आलंच, तर त्यानं कोल्हापूरच्या शाहूपुरीत घर घेऊ नये. मी त्यांना मावशी म्हणतो, त्या मला ‘पावणं’ म्हणतात. घरात प्रवासाचा विषय निघाला, की मावशी गॅसवरचं दूध उतू जायला सोडून बाहेर येतात. त्यांच्या मते जगात प्रवास दोनच: एक मुंबई-गोवा बोटीचा, दुसरा जंबो जेटचा. बाकी नुसतं येणं-जाणं. बोटीतून त्या लग्नानंतर लगेच गेल्या होत्या. रत्नागिरी सोडली आणि समुद्र खवळला. डेकवरची माणसं आडवी झाली, खलाशीसुद्धा देवाचा धावा करू लागले, आणि मावशी मधोमध मांडी ठोकून शेंगदाण्याच्या चटणीशी भाकरी खात होत्या. “बोट हालाय लागली म्हणून मी का हालू?” हा त्यांचा सवाल.

मावशींच्या यजमानांचा, म्हणजे काकांचा, शिरोलीला लोखंड ओतायचा कारखाना होता. एकदा यंत्र बघायला ते जर्मनीला निघाले, तेव्हा मावशीही निघाल्या. जंबोच्या पोटात जिना आहे असं दिसल्यावर त्यांना खाली बसवेना. हवाई सुंदरीनं अडवलं, वरचा मजला बड्या तिकिटाचा आहे म्हणून सांगितलं. “माझ्या घरात जिना आसता आन् तू पावनी आली आसतीस, तर मी तुला वर न्हेलं आसतं की!” असं खणखणीत मराठीत सुनावून मावशी वर गेल्या आणि मोकळ्या खुर्चीत बसून आल्या. पुढं दुबईला जाऊन आलेल्या भाच्यानं त्याहून मोठ्या विमानाचं कौतुक केलं, तर म्हणाल्या, “आसंल मोठं. पन जंबोला म्होरं उंच कपाळ हुतं रं, कपाळ! तुझं ते नुसतं सुजल्यालं हाय.”

आपल्याकडची जंबो विमानं सेवेतून निघाल्याची बातमी आली, त्या दिवशी मावशींनी चूल पेटवली नाही. शेजारीण घाबरून विचारायला आली, “कोन गेलं ओ?” मावशी म्हणाल्या, “जंबो.” बिचारीला ते माहेरच्या कुणाचं तरी लाडाचं नाव वाटलं. तिनं पिठलं-भाकरी आणून दिली. मावशींनी ती मुकाट्यानं खाल्ली.

काका गेले त्याच्या पुढच्या वर्षी मावशींचं हृदय कुरकुरू लागलं. डॉक्टर म्हणाले, विमान बंद. जर्मनीत स्थायिक झालेला मुलगाही फोनवरून “आई, तू नको, मीच येतो” म्हणाला. झालं! जर्मनीच्या एका कंपनीकडं अजून जंबो आहेत, हे मावशींनी कुठूनतरी काढलंच होतं. “हृदय माजं हाय का डाक्टरचं?” असं म्हणत त्यांनी पोवळ्याची अंगठी घातलेल्या मुठीत गोळ्यांची पुडी धरली आणि मुलाकडं निघाल्या. मुंबईपर्यंत मी सोबतीला. कोल्हापूरच्या विमानतळावर मुलानं फोन करून चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती. मावशींनी तिच्यावर आपली पिशवी बसवली आणि स्वतः शेजारून ताठ चालत गेल्या.

दीड महिन्यानं परतल्या तेव्हा मी भेटायला गेलो. जंबो मिळालं होतं.

“मग, वर जाऊन आलात का?” मी विचारलं.

“न्हाय ओ पावणं.”

“अडवलं कुणी?”

“कोन आडवतंय? इमानातली पोरगी आपनच म्हनली, या आजी, हात धरतो, वर दावतो.” मावशी पदराशी चाळा करत राहिल्या. “जिन्यापतूर गेलतो. एक पाय वर ठिवला. मागं वळून बगितलं.”

“का?”

“पयल्या टायमाला हे खालनं वरडत हुते, ‘आगं उतर, लाज आनतीस का काय!’ आन् मी वर गेल्यावर माज्या मागोमाग हळूच तेबी आले. खुर्चीत बसून बगितलं. गप हसले. आता मागं कोनच न्हवतं. मग पाय काडून घेतला.”

एवढा हळू आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.