झेरॉक्सवाली सदफ अन् सरांची वेबसाइट

सदफ सरांच्या वेबसाइटवरचे लेख धडाधड उडवून राहिली होती. बेचाळीस झाले, अठरा उरले. गिऱ्हाईक झेरॉक्ससाठी काउंटर बडवून राहिलं होतं, पण तिला फुरसत कुठाय!

नववीत शाळा सोडलेली ही पोरगी लातूरला क्लासेसच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानात कामाला. समोरच्या पत्र्याच्या खोलीत देविदास सर बायोलॉजी शिकवायचे. गल्ली तिला नापास म्हणून हिणवायची, तवा सरांनी तिला मागच्या बाकावर फुकट बसवलं. तवापासून सरांना कुणी वाकडं बोललं की सदफ अंगावर जायची. सरांची वेबसाइट तिनंच बांधली, नोट्स तिनंच टाईप केल्या. अन् यंदा वीस पोरं आली न्हाईत तर सर खोलीला कुलूप घालणार होते.

झेरॉक्सवालीचं डोकं ते. कॉप्या जास्त तर गिऱ्हाईक जास्त! तिनं दुसऱ्यांचे साठ लेख जसेच्या तसे साइटवर चिटकवले. झालं उलटंच. गुगलच्या पहिल्या पानावरचे सर चौथ्या पानावर गेले. उचललेल्या मालाला गुगल इचारत न्हाई, अन् त्या ढिगात सरांचा असली मालबी गाडला गेला.

साठच्या साठ उडवले, तरी सर वर येईनात. शोधते तर सरांची हृदयावरची नोट एका मोठ्या क्लासच्या साइटवर, बिननावाची, अन् पहिल्या नंबरावर! सदफ तडक तिथं गेली. कॉम्प्युटरवर शिवलिंग नावाचा माणूस बसलेला.

“चोर हाव का तुमी?”

“बस तर खरं, बाई.”

“बसायला न्हाई आले. नोट ऱ्हाऊ द्या, पण खाली सरांचं नाव अन् आमच्या पानाची लिंक टाका. आत्ता, माझ्यासमोर.”

शिवलिंगनं नाव अन् लिंक दोन्ही टाकलं.

तीन आठवड्यांनी सदफनं मोबाइलवर शोधलं अन् दुकान उघडं टाकून पळत सुटली. सर पहिले, मोठा क्लास खाली! त्या लिंकवरून असली माल कुणाचा ते गुगलला कळलं होतं. त्या जूनमध्ये एकोणतीस पोरं आली, दोघं तर पार कंधारहून.

“सर, ते कुलूप इकून टाका,” ती म्हणली.

दोन वर्षांनी शिवलिंगनंच चहावर तिला सांगितलं. नोट त्यानं चोरली नव्हती. सरांनीच तिथल्या पोरांसाठी पेन ड्राइव्हमध्ये घालून दिली होती, अन् नाव टाकू नको म्हणले होते. भूकंपात घरासंगं पुस्तकं गेली, तवा सर दुसऱ्याची वही उतरवून बारावी पास झाले होते. त्या वहीवर कुणाचंच नाव नव्हतं.