कानात कुर्रर्र कोण करणार

भाचीचं बारसं दुबईत, करामाला, दादाच्या फ्लॅटमध्ये होतं. फुगे लागले होते, पाळणा शारजाहून आणला होता, आणि त्याच सकाळी मला कळलं की बाळाच्या कानात नाव सांगायला वहिनीने आपल्या बहिणीला विमानाने बोलावलंय.

वहिनी गालिसियाची. ते स्पेनमध्ये, पोर्तुगालच्या डोक्यावर येतं आणि तिथली भाषा म्हणजे पोर्तुगीजची सख्खी बहीण. वहिनी इथे कॉलेजात भाषा शिकवते. तिला दादाने एवढंच सांगितलेलं की आमच्यात नाव आँटी सांगते. आँटी! दुबईत आँटी म्हणजे लिफ्टमध्ये भेटणारी कुठलीही बाई.

मी दादाला किचनमध्ये गाठलं. "तो आत्याचा मान असतो. मावशीचा नाही."

"अगं, तू आधी बोलली असतीस तर..."

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. जा, सांग तिला."

तो गेला नाही. बायकोला घाबरणं आमच्या घराण्यात चालत आलंय. शेवटी आवाज ऐकून वहिनीच आली आणि तिने फरक विचारला. मी सांगितला.

"आमच्याकडे दोघीही तिआ," ती म्हणाली. "शब्द मूळचा ग्रीक. त्याआधी लॅटिनमध्ये तुमच्यासारखंच होतं. आत्या म्हणजे आमिता, मावशी म्हणजे मातेर्तेरा."

"मग ते शब्द गेले कुठे?"

"खलास. तिआ आली आणि दोघींचं काम एकटीच करायला लागली."

मी शिऱ्याखालचा गॅस बंद केला. मला मूल नाही, होणारही नाही. दादाशिवाय भावंड नाही. म्हणजे मला आत्या म्हणू शकेल असं या जगात हे एकच माणूस, आणि तेही अजून दुपट्यात. हे मी वहिनीला सांगितलं.

वहिनी बाहेर जाऊन बहिणीशी त्यांच्या भाषेत बोलली. बहिणीचं तोंड उतरलं. मला वाईट वाटलं, पण मान सोडण्याइतकं नाही.

मी पाळण्यात वाकून कुर्रर्र केलं, नाव सांगितलं. रीतीप्रमाणे बायकांनी पाठीत धपाटे घातले. वहिनीच्या बहिणीलाही कुणीतरी रीत समजावली असावी, तिचा धपाटा सगळ्यांत जोरात बसला. तो मी मुकाट्याने घेतला. सगळ्या बाजूला झाल्या तरी मी वाकलेलीच होते.

"आत्या," मी बाळाच्या कानात म्हटलं. "मी आत्या."

बाळ झोपलं होतं. मी परत सांगितलं.