यादीत नसलेले काका

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत शाळा बंद होत्या आणि आम्हा शिक्षकांना फोनची ड्युटी लागली होती. घरीच उपचार घेणाऱ्या पेशंटांची यादी मिळायची. कळव्याच्या घरी बाल्कनीत स्टूल टाकून मी रोज सकाळी एकेकाला फोन लावायचे. ताप किती, ऑक्सिजन किती, जेवण जातंय का. आकडा चौऱ्याण्णवच्या खाली आला तर लगेच वर कळवायचं. शिवाय, माणूस बोलताना मध्येच दम घेतो का तेही ऐका, अशी सूचना होती.

यादीत वर्तकनगरच्या एक काकू होत्या, सत्तरीच्या. घरात नवराबायको दोघंच. फोन नेहमी काका उचलायचे आणि मी विचारायच्या आत सांगायचे, शहाण्णव, ताप नाही, सकाळी पेज घेतली. मी म्हणायचे, मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा, वेगळ्या खोलीत झोपा. खिडक्या उघड्याच असतात, ते म्हणायचे, पण झोपायची खोली एकच आहे, दुसरी कुठून आणू?

पाचव्या दिवशी ते "सत्त्याण्णव" म्हणाले आणि थांबले. मग एक श्वास. मग, "ताप नाही." दमलात का, असं मी विचारलं. आत्ताच खालून दूध घेऊन तीन जिने चढलो, म्हणाले. मी त्यांना रागावले. घरात पेशंट असताना तुम्ही बाहेर पडायचं नाही, पिशवी दाराला अडकवायला सांगा. त्यांनी ऐकलं.

सहाव्या दिवशी दूध दाराशीच आलं होतं. ते कौतुकाने सांगताना काका दोनदा थांबले. मला ते ऐकू आलं. स्पष्ट ऐकू आलं. पण अजून सतरा फोन बाकी होते आणि यादीत नाव काकूंचं होतं. त्यांच्यापुढे मी सत्त्याण्णव लिहिलं आणि पुढचा नंबर लावला.

सातव्या दिवशी फोन कोणी उचलला नाही. आठव्या दिवशी काकूंनी उचलला. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"काल गेले ते," काकू म्हणाल्या. "मशीन रोज माझ्याच बोटाला लावायचे. तुम्हीपण लावा म्हटलं, तर म्हणायचे, बाईंचा फोन तुझ्यासाठी येतो."

मग त्यांनीच विचारलं, "आज माझा आकडा घ्यायचाय ना? पंचाण्णव आहे."

मी तो लिहिला.

वरच्या साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, त्यांचं नावच नव्हतं यादीत, तुमची काय चूक? काकू बऱ्या झाल्या. ड्युटी संपली, शाळा उघडल्या. पण फोनवर कोणी बोलता बोलता थांबलं की मी फोन कानाला घट्ट धरते. समोरचा नुसता काहीतरी आठवत असतो, आणि मला मात्र तो श्वास ऐकू येतो.

गेल्या हिवाळ्यात ह्यांना फ्लू झाला. साधाच आहे, तीन दिवस आराम, भरपूर पाणी, दम लागला तर या, असं डॉक्टर म्हणाले होते. मी मास्क लावून दारात उभी राहायचे आणि एका दमात वीसपर्यंत मोजायला सांगायचे. तिसऱ्या दिवशी हे वैतागले.

"अगं, किती वेळा?"

"अजून एकदा," मी म्हटलं.

त्यांनी मोजलं. मी डोळे मिटून ऐकत राहिले.